मेसान्येची लाथ

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुल्या प्रांत. तिथे ब्रिंडिझीजवळ मेसान्ये नावाचं छोटं शहर आहे, वस्ती तीस हजारांच्या आत. पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तायक्वांदोत इटलीला दोनच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळाली होती, आणि दोन्ही आणली ती याच मेसान्येच्या पोरांनी. दोघेही रोबेर्तो बाल्यीवो या एकाच गुरूच्या हाताखाली घडलेले.

पहिला कार्लो मोल्फेत्ता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८० किलोंवरच्या गटात गॅबनच्या अँथनी ओबामशी त्याची अंतिम लढत ९-९ अशी बरोबरीत सुटली. जादा फेरीतही कोंडी फुटेना, तेव्हा पंचांनी मोल्फेत्ताच्या पारड्यात कौल टाकला. दुसरा वितो देल्लाक्विला, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

तीन नोव्हेंबर २००० चा त्याचा जन्म. २०१७ साली कोरियातल्या मुजू इथे त्याने मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं, ५४ किलोंच्या गटात आणि वयाच्या सोळाव्या वर्षी. पुढे तो काराबिनिएरी या पोलीसदलाचा खेळाडू झाला. आपल्याकडे सेनादल आणि रेल्वे खेळाडूंना नोकरी देऊन सांभाळतात, त्यातलाच हा प्रकार.

टोकियो ऑलिंपिक वर्षभर लांबणीवर पडलं. अखेर २४ जुलै २०२१ रोजी वितो ५८ किलोंच्या गटात उतरला. उपांत्य फेरीत त्याने अर्जेंटिनाच्या लुकास गुस्मानचा २९-१० असा फडशा पाडला. अंतिम लढत मात्र वेगळी झाली. समोर ट्युनिशियाचा मोहम्मद खलील जेंदुबी होता, वितोपेक्षाही लहान. वितो मागे पडला, शेवटच्या फेरीत उसळला आणि १६-१२ ने जिंकला. त्या ऑलिंपिकमधलं इटलीचं ते पहिलंच सुवर्ण.

या विजयात तेव्हाच्या नियमांचाही हात होता. तिन्ही फेऱ्यांच्या गुणांची बेरीज होत असे. धडावर बसलेल्या लाथेला दोन गुण, डोक्यावर बसलेल्या लाथेला तीन. त्यामुळे शेवटच्या काही सेकंदांतही पारडं फिरू शकायचं. पुढे पद्धत बदलली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजेता, म्हणजे पहिल्या फेरीतल्या गुणांची शिल्लक दुसरीत कामाला येणार नाही. अशा बदलात भलेभले चाचपडतात. वितो चाचपडला नाही. २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथे तो जगज्जेता झाला. टोकियोच्या सुवर्णाइतका या पदकाचा गाजावाजा झाला नाही. खेळाडू म्हणून त्याची उंची पाहायची तर मी आधी याच पदकाकडे बोट दाखवीन.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये गतविजेता म्हणून तो उतरला तेव्हा शरीरानेच साथ सोडली. उपांत्य फेरीत अझरबैजानच्या गाशिम मागोमेदोव्हने त्याला हरवलं. कांस्यपदकासाठी समोर फ्रान्सचा सिरियन राव्हे होता. पण ही लढत झालीच नाही: दुखापतीमुळे वितोने माघार घेतली आणि राव्हेला न लढताच पदक मिळालं.

दोनच दिवसांनी ८० किलोंच्या गटात सिमोने अलेस्सिओने कांस्यपदक मिळवलं. पॅरिसमध्ये तायक्वांदोत इटलीच्या हाती लागलं ते तेवढंच.