विधिमंडळाचा कायदा आणि पिंपळगावचा लिलाव

नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पिंपळगाव बसवंत येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी थांबून बोली बोलत पुढे सरकतो, तेव्हा त्या गलबल्यात राज्य विधिमंडळाचा एक कायदाच वावरत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 1939 च्या मुंबई इलाख्यातील कायद्याची जागा घेणाऱ्या 1963 च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने व्यापाऱ्याचा परवाना, उघडा लिलाव, मापाड्याचा काटा, खरीददाराकडून घ्यावयाची बाजार फी आणि शेतकऱ्याची चुकती करावयाची रक्कम या साऱ्यांचा बंदोबस्त करून दिला. कारण घरच्या अंगणात किंवा आडत्याच्या पेढीवर, उचल घेऊन मिंध्या झालेल्या शेतकऱ्याला भाव मागण्याची सोयच उरली नव्हती.

हा कायदा पुढेही वरचेवर दुरुस्त होत राहिला. जुलै 2016 मध्ये वटहुकुमाने फळे व भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मुभा मिळाली आणि आडतीचा बोजा शेतकऱ्याच्या शिरावरून खरीददाराकडे गेला, तेव्हा जिल्ह्यातील कांदा-व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. संचालक मंडळाच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मत असावे, की सोसायट्या आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांनीच मतदान करावे, हा वादही सरकारागणिक पालटत आला आहे. पिंपळगाव ज्यात येते त्या निफाड मतदारसंघातून 2019 व 2024 मध्ये निवडून आलेले आमदार दिलीप बनकर यांनी याच समितीचे सभापतिपदही भूषविले आहे. त्यामुळे कायदा करणारे सभागृह आणि तो अमलात आणणारे दप्तर यांतील अंतर येथे फारच थोडे राहते.

परंतु भावाचा प्रश्न निघाला की त्या सभागृहाची मुखत्यारी संपते. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे शेती व बाजार हे विषय राज्यसूचीत आहेत, तर ज्यांवर कांद्याचा भाव हलतो ते परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क संघसूचीत. 7 डिसेंबर 2023 रोजी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि त्याच सुमारास दिल्लीहून कांद्याच्या निर्यातबंदीचा हुकूम सुटला. जिल्ह्यातील लिलाव तहकूब झाले, चांदवडला महामार्ग अडविला गेला, सभागृहात आवाज उठला, आणि तरीही तो हुकूम मागे घेण्याचा अखत्यार नागपुरात जमलेल्या सदस्यांपैकी कोणाकडेच नव्हता. बंदी उठली 4 मे 2024 रोजी, तीही 40 टक्के शुल्क लावून. ते शुल्क सप्टेंबरमध्ये 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्णतः रद्द झाले. दरम्यान लोकसभेच्या निवडणुकीत, ज्यात निफाड मोडते त्या दिंडोरी मतदारसंघात, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या.

अशा स्थितीत आमदाराकडे भाव मागणे हे त्याला अवघड आणि मागणाऱ्याला निष्फळ. निर्यातीच्या धोरणाचा जाब खासदाराकडेच मागावयास हवा. आमदाराला मात्र काटा खरा आहे काय, पट्टीची रक्कम वेळेवर मिळते काय, परवान्याचे नूतनीकरण करताना व्यापाऱ्याची पत पाहिली जाते काय, आणि ज्याचा माल त्याला समितीत मत का नसावे, हे प्रश्न रोकडे विचारता येतात. ते विधिमंडळाच्या हातातले आहेत, म्हणूनच त्यांवर दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोय त्याला नाही.