कुंडीत लाव्हा, वीट आणि लिंबू

सांगलीच्या बोन्सायवेड्यांची एक चमत्कारिक पंचाईत आहे. पायाखाली नावाजलेली काळी माती, आणि कुंडीत नेमकी तीच नको! ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. शेतात नुसत्या भेगा पडतात. उथळ कुंडीत मात्र मातीचा गोळा कडेपासून सुटतो. मग घातलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं आणि मुळं तहानलेलीच राहतात.

जपानी लोक यासाठी अकादामा वापरतात. ही ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली दाणेदार माती. ती इथवर येते तेव्हा खिसा हलका होतो, शिवाय काही वर्षांत तिचा भुगा होतो तो वेगळाच.

पण लाव्हा तर आपल्याकडेही आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा! मग क्रशरवरची बारीक खडी म्हणजे गावठी अकादामा का? छे. आपला काळा पाषाण घट्ट. दाण्यांमधून हवा खेळवतो, पण पोटात पाणी धरत नाही.

ते काम विटेचं. वीट मात्र पारखून घ्यावी: कच्ची असेल तर चिखल होतो, खंगर असेल तर पाणीच पीत नाही. तुकडा रात्रभर भिजवून सकाळी बोटांनी चोळा. बोटं लाल झाली तर तो भट्टीवाल्याला परत!

साताऱ्याकडचा जांभाही सच्छिद्र असतो. पण कासच्या पठारावरून खिशात घालून आणू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे.

मिश्रणात घालतात ते पांढरं पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. साधारण ९०० अंशांना तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती लाहीसारखी फुलते. हलकी इतकी, की झारीची धार जोरात पडली की वर तरंगते.

तळाला खडीचा थर दिला की निचरा होतो, हा लाडका गैरसमज. बारीक दाण्यांतलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही, वरच अडून बसतं. त्यापेक्षा सगळं मिश्रण दोन ते पाच मिलिमीटरच्या दाण्यांचं ठेवावं आणि बारीक पूड चाळून काढून टाकावी.

मिश्रणात वाळू घालणार असाल, तर शेवटी तिच्यावर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. अझेलिया या फुलझाडाला ती अजिबात सोसत नाही. वड-पिंपळांना तिचं काही नाही. ते तर किल्ल्यांच्या चुन्यात बांधलेल्या बुरुजांतून न लावता उगवतात.