संमेलन फुकट, पोहोचणं महाग: बुलढाण्याच्या रसिकाचा हिशेब

(बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय साहित्याचा आहे, पण मी बोलणार आहे एसटी आणि रेल्वेबद्दल. साहित्य संमेलन झालं की दरवर्षी एक वाक्य ऐकू येतं, ‘आपल्याकडचे लोक फारसे दिसले नाहीत.’ त्यावर लगेच निष्कर्ष निघतो, वाचनाची आवडच राहिली नाही. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आवड आहे की नाही हे तपासण्याआधी तिथे पोहोचायला काय पडतं ते तपासू या.

साहित्य संमेलन हा मराठी वाचकांचा सगळ्यात जुना मेळा. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. आजही सामान्य श्रोत्याला मांडवात जायला तिकीट लागत नाही. प्रतिनिधी शुल्क भरलं तर राहण्या-जेवणाची सोय होते, नाही भरलं तरी ऐकायला कुणी अडवत नाही. म्हणजे कागदावर संमेलन फुकट. खर्च सगळा त्या मांडवापर्यंत पोहोचण्याचा.

आता आपला जिल्हा बघा. बोलताना आपण सहज म्हणतो, हा घाटावरचा, तो घाटाखालचा. रेल्वेच्या बाबतीत हा भेद फार खरा आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जलंबहून खामगावला छोटा फाटा, तो १८७० मध्ये सुरू झाला. कशासाठी? खामगावच्या कापूस बाजारासाठी. रूळ कापसाच्या सोयीने पडले, माणसांच्या नाही. म्हणून जिल्ह्याचं मुख्यालय असूनही बुलढाण्याला रेल्वे स्टेशन नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा यांनाही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

याचा खिशावर परिणाम कसा होतो? एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. बुलढाणा ते मलकापूर अंदाजे ४५ किलोमीटर, म्हणजे आठ टप्पे, ऐंशीच्या घरात. मलकापूरहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. स्लीपरचं तिकीट समजा साडेतीनशे धरलं, तर रेल्वेचा किलोमीटर सत्तर पैशांना पडतो आणि एसटीचा पावणेदोन रुपयांना. रेल्वेत अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणजे घाटावरच्या माणसाला सगळ्यात महाग पडतात ते पहिले ४५ किलोमीटर. मुंबईच्या माणसाला हा आकडा दिसतच नाही, कारण त्याचा प्रवास स्टेशनवरच सुरू होतो.

आता सवलतींकडे या, कारण खरी गंमत इथे आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं भाडं. रेल्वेत काय? पूर्वी साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ च्या पुढच्या महिलांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, ती थांबली आणि गाड्या पुन्हा सुरळीत झाल्या तरी ती परत आली नाही.

आता हे संमेलनाच्या ठिकाणांवर ठेवून बघा.

२०२३ ला वर्धा. आपल्याच लोहमार्गावर. मलकापूर-शेगावला गाडीत बसा, वर्ध्याला उतरा. इतकं सोपं ठिकाण आपल्या वाट्याला क्वचित येतं. पण ते संमेलन फेब्रुवारीत झालं आणि महिलांची सवलत मार्चमध्ये आली.

२०२४ ला अमळनेर. भुसावळहून सुरत मार्गावर वळायचं. एसटीनेही जाता येतं. महिलांना निम्म्या भाड्यात जाता आलेलं हे पहिलं संमेलन.

२०२५ ला दिल्ली. तालकटोरा स्टेडियम, अध्यक्ष तारा भवाळकर. पुण्याहून खास रेल्वे सोडली होती, तिला महादजी शिंदे यांचं नाव दिलं होतं, गाडीतच कवितावाचन वगैरे झालं. छान कल्पना. पण मेहकरच्या माणसाने त्या गाडीसाठी आधी पुण्याला जायचं? त्याचा दिल्लीचा रस्ता भुसावळ-खंडवा-इटारसीवरून जातो, उलट्या दिशेने. आणखी एक बघा. संमेलन २१ फेब्रुवारीला सुरू झालं, त्याच दिवशी दहावीची परीक्षा सुरू झाली, बारावीची आधीच चालू होती. तालुक्याच्या गावातले निम्मे वाचक शिक्षक आणि विद्यार्थी असतात. ते कसे येणार?

२०२६ ला सातारा, जानेवारीच्या पहिल्याच दिवसापासून. लांब आहे, पण एसटीच्या टापूत आहे.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वय ७६, निवृत्त, चिखलीला राहतो, आयुष्यभर वाचतोय. साताऱ्याला संमेलन असेल तर त्याचं जाण्या-येण्याचं भाडं शून्य. दिल्लीला असेल तर रेल्वेचं पूर्ण तिकीट. आवड तीच, माणूस तोच. फक्त संमेलनाचं ठिकाण ठरलं आणि त्याचं जाणं-न जाणं ठरलं. दिल्लीला संमेलन घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण ठिकाण निवडताना कोण गळणार आहे, हा प्रश्न टेबलावर यायला हवा.

तरुण मंडळी म्हणतील, आमचं संमेलन वेगळं. बरोबर आहे. कॉमिक्स आणि ॲनिमेच्या चाहत्यांचा कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाला, मुंबईतही भरतो. तिथे प्रवेशालाच तिकीट. आपल्याकडची मुलं त्यावर जो मार्ग काढतात तो ऐकण्यासारखा आहे: दोन रात्री गाडीत, एक दिवस मेळ्यात. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी मुंबई, संध्याकाळी परतीची तीच गाडी. लॉजचा खर्च वाचला. पण या गाड्या मुंबईहून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास निघतात, म्हणजे दिवसाचा शेवटचा, बहुतेक वेळा सगळ्यात चांगला कार्यक्रम सोडून स्टेशन गाठायचं. आणि पात्राचा पोशाख स्वतः शिवून नेणाऱ्याने ती भलीमोठी पिशवी स्लीपरच्या बाकाखाली कशी बसवायची, हा वेगळाच पेपर.

‘समृद्धी महामार्ग आहे की!’ असं कुणी म्हणेल. आहे, मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचा वेळ नक्की वाचला. पण टोल किलोमीटरप्रमाणे भरावा लागतो, आणि आपल्याकडे घरोघरी जी असते ती दुचाकी, तिला तिथे परवानगीच नाही. शिवाय १ जुलै २०२३ ची रात्र आपण विसरू शकत नाही. सिंदखेड राजाजवळ खासगी बसला आग लागून २५ जण गेले. स्वस्तात जाताना रात्रीचा प्रवास किती आणि कोणत्या गाडीने करायचा, हाही हिशेबाचाच भाग आहे.

शेवटचा खर्च तिकिटावर छापलेला नसतो. तो म्हणजे बुडालेला रोज. संमेलनं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी उरकायची असते, तूर घरात आणायची असते, हरभरा काढणीला येतो. तीन दिवसांचं संमेलन म्हणजे प्रवास धरून पाच दिवस. शेतकऱ्याला आणि मजुराला हा आकडा भाड्याहून मोठा पडतो.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

एक. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. तारखा जाहीर झाल्या की वहीत दिवस मोजून ठेवा. प्रतीक्षा यादीच्या भरवशावर राहू नका, तत्काळचे पैसे जास्त जातात.

दोन. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. संमेलन लांब असेल आणि जोडून दोन-तीन गावं करायची असतील तर आगारात जाऊन सध्याचा दर विचारा आणि साध्या तिकिटाशी ताडून बघा. महिलांनी आणि ६५ वरच्यांनी विशेष ताडावं, त्यांना बहुतेकदा सवलतीचं तिकीटच स्वस्त पडेल.

तीन. पुरेशी माणसं असतील तर प्रासंगिक करारावर अख्खी एसटी घेता येते. पैसे किलोमीटरवर आणि गाडी थांबवून ठेवण्यावर लागतात, म्हणून गाडी भरली तरच परवडते. आषाढीला गावातून माणसं जमली की थेट पंढरपूरची गाडी सुटते. पंढरपूरला जमतं ते संमेलनाला का जमू नये?

चार. आयोजकांकडे मागणी करा. तारखा लवकर जाहीर करा, परीक्षा आणि हंगाम बघून ठरवा, आणि खास गाडी सोडणार असाल तर ती विदर्भातूनही सोडा.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. तेव्हा इथला शब्द पुण्याला पोहोचला होता. आज इथल्या वाचकाला तिथवर जायला भाड्याचा विचार करावा लागतो, हे आपल्याला बदलता येण्यासारखं आहे. सुरुवात म्हणून आजच दाराशी एक वही ठेवली आहे. पुढच्या संमेलनाला कोण येणार, कुठून बसणार, एवढंच लिहा. चाळीस नावं झाली की आगारात जाऊ.