वारसा मिळाला, तपासणी राहिली

उमरीसारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळेचे पगारपत्रकही आता संगणकावर तयार होते. हाताने लिहिलेल्या पत्रकातल्या दोन-चार बेरजा मुख्याध्यापक पडताळून पाहत आणि मगच सही करीत. संगणकाने छापलेला आकडा मात्र आपण बहुधा तसाच खरा मानतो. तो खरा आहे हे कोणी, कसे तपासलेले असते? त्यासाठी एक काल्पनिक पगार-प्रोग्राम घेऊ. प्रत्यक्ष वापरातल्या कोणत्याही प्रणालीबद्दल हे नाही.

जुन्या धाटणीचा प्रोग्राम गणितातल्या सूत्रासारखा असे. मूळ वेतन आत घालावे, भत्ता बाहेर यावा. तपासणारा ठरावीक आकडे घालून उत्तर जुळते का ते पाही. १९६७ साली नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला या भाषेत निराळी मांडणी आणली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकाच गाठोड्यात बांधतात. या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात आणि ज्या साच्यातून ते निघते त्याला क्लास. आज जावा, सी प्लस प्लस, पायथन या भाषांत हीच पद्धत सर्रास वापरतात.

सोय मोठी झाली, पण तपासणाऱ्याचे काम अवघड झाले. कारण ऑब्जेक्टला आठवण असते. समजा, एका शिक्षकाचे 'रजा-खाते' हा ऑब्जेक्ट आहे. त्यात १२ किरकोळ रजा शिल्लक आहेत. 'मंजूर कर' म्हटले की ३ वजा होतात, शिल्लक ९. 'रद्द कर' म्हटले की ३ परत, शिल्लक १२. दोन्ही कामे सुटी तपासली तर पास. आता घाईत कोणी 'रद्द कर' दोनदा दाबले तर? शिल्लक १५! चूक या किंवा त्या कामात एकट्याने दिसत नाही, ती क्रमात दडलेली असते. म्हणून येथे एकेक काम तपासून भागत नाही. मंजूर-रद्द-रद्द, रद्द-मंजूर असे उलटसुलट क्रम लावून, दरवेळी आतली अवस्था शक्य कोटीतली आहे ना, हे पाहावे लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. एका क्लासवरून दुसरा क्लास करता येतो आणि पहिल्याची कामे त्याला वारशाने मिळतात. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना आली. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याकडून कापली जाते. पुढे नियमांत फेरबदल होत राहिले, तो विषय वेगळा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय केले? 'जुना कर्मचारी' या क्लासवरून 'नवा कर्मचारी' काढला, मासिक कपातीचे काम नव्याने लिहिले आणि बाकीचे वारशाने घेतले. त्यात 'भत्त्याची थकबाकी दे' हेही काम आले. ते जुन्या क्लासमध्ये तपासून पास झालेले होते, म्हणून पुन्हा कोणी पाहिले नाही.

आता आकडे मांडू. मूळ वेतन ४०,००० रुपये, भत्ता ४ टक्क्यांनी वाढला, पाच महिन्यांची थकबाकी द्यायची. दरमहा १,६००, एकूण ८,०००. यातून ८०० रुपये कापून खात्यात जायला हवेत. वारशाने आलेले काम पूर्ण ८,००० हातात देते. तक्रार कोण करणार? हातात जास्तच आले! पण निवृत्तीच्या खात्यातून ते ८०० रुपये, त्यावरचा सरकारी हिस्सा आणि पुढची वर्षानुवर्षांची वाढ गळाली. ज्या चुकीने कोणी ओरडत नाही ती सर्वांत महाग पडते, असे मला वाटते.

ड्वेन पेरी आणि गेल कायझर यांनी १९९० मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते. वारशाने आलेले काम नव्या संदर्भात पुन्हा तपासावे लागते. वारशामुळे लिहिण्याचे श्रम वाचतात, तपासण्याचे तितके वाचत नाहीत.

याचा अतिशय महागडा दाखला ४ जून १९९६ चा आहे. युरोपचे एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम एरियान-४ वरून घेतलेला होता. जुन्या रॉकेटवर तो चोख चालला होता. नव्याचा आडवा वेग जास्त, त्यामुळे त्याच्याशी निगडित एक संख्या ३२,७६७ या कमाल मर्यादेत मावेना. राखीव संगणकही कोसळला, कारण त्यातही तोच प्रोग्राम! तो प्रोग्राम ऑब्जेक्ट पद्धतीचा म्हणून पडला असे नव्हे; जुन्या जागी तपासलेला तुकडा नव्या जागी न तपासता बसवला, हे साम्य महत्त्वाचे.

पण प्रत्येक फेरबदलानंतर सगळे पुन्हा तपासायचे तर माणूस थकून जाईल. म्हणून तपासणीही प्रोग्रामच करतो. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी असे साधन केले आणि १९९७ मध्ये एरिक गामा यांच्यासह जावासाठी 'जेयुनिट' लिहिले. 'थकबाकी ८,०००, तर कपात ८०० हवी' असे अपेक्षित उत्तर एकदा लिहून ठेवायचे. मग शेकडो चाचण्या काही क्षणांत पुन्हा घेता येतात. अपेक्षित उत्तर काय, हे मात्र नियम जाणणाऱ्या माणसानेच सांगायला हवे. तेथे शाळेतला जुना लिपिक संगणकतज्ज्ञापेक्षा उपयोगी ठरतो.

वर्गात हा खेळ संगणकाशिवाय करता येईल. एका मुलाला 'रजा-खाते' करा आणि शिल्लक रजा लिहिलेला कागद त्याच्या मुठीत द्या. त्याने फक्त 'मंजूर', 'रद्द' आणि 'शिल्लक सांग' हे तीनच हुकूम पाळायचे. उरलेल्या वर्गाने कागद न बघता, हुकमांचा क्रम बदलून बदलून त्याच्याकडून अशक्य उत्तर काढून दाखवायचे. सातवी-आठवीच्या मुलांना उणे शिल्लक काढायची युक्ती सापडायला फार वेळ लागू नये. मग दुसऱ्या मुलाला 'अर्धवेळ शिक्षकाचे रजा-खाते' करा. नियम पहिल्याचेच, फक्त सुरुवातीला १२ ऐवजी ६ रजा. पहिल्याचे कोणते हुकूम याच्याकडे चुकतात, ते मुलांना शोधू द्या.