फाबर्जेची पेढी आणि तिचे कारागीर

रशियाच्या झारशाहीत सोन्याचांदीचा मोठा व्यवसाय दोन शहरांत एकवटला होता. मॉस्कोत ओव्हचिन्निकोव्ह आणि ख्लेब्निकोव्ह यांच्या पेढ्या जुन्या रशियन वळणाच्या चांदीकामासाठी व मिनाकामासाठी प्रसिद्ध होत्या. राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये हिऱ्यामाणकांच्या दागिन्यांत स्वीडिश वंशाच्या बोलिन घराण्याचा दबदबा होता.

गुस्ताव फाबर्जे यांनी १८४२ मध्ये याच शहरात दुकान थाटले. १८७२ मध्ये त्यांचे पुत्र कार्ल यांनी कारभार हाती घेतला आणि नुसत्या रत्नांच्या वजनापेक्षा कारागिरीला किंमत मिळवून दिली. १८८५ च्या ईस्टरला झार तिसरा अलेक्झांडर याने राणीला भेट दिलेले पांढऱ्या मिन्याचे अंडे याच पेढीचे. आत सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी! पुढे राजघराण्यासाठी अशी ५० अंडी घडली.

ती घडवणारे हात मात्र कार्ल यांचे नव्हते. आराखडा पेढीचा, काम उस्तादांच्या कार्यशाळांचे, अशी व्यवस्था होती. १८८६ पासून प्रमुख उस्ताद असलेले मिखाईल पेर्खिन शेतकरी कुटुंबातले. १९०३ मध्ये त्यांची जागा घेणारे हेन्रिक विगस्ट्रोम फिनलंडचे. उस्ताद आपल्या वस्तूंवर स्वतःची आद्याक्षरे ठोकत, म्हणूनच आज त्यांची कामे ओळखता येतात. सोबत कसाचा आकडाही असे. शुद्ध सोने ९६ भागांचे धरत, त्यामुळे ५६ म्हणजे आपले १४ कॅरट.

पेढीची खरी मिजास मिनाकामात होती. यंत्राने धातूवर बारीक लहरी कोरायच्या, त्यांवर पारदर्शक मिना थरावर थर चढवायचा आणि प्रत्येक थर भट्टीत भाजायचा. एका थराला तडा गेला की आधीची मेहनत वाया. १८९७ च्या राज्याभिषेक अंड्यातली दहा सेंटिमीटरहूनही लहान बग्गी घडवायला गेओर्ग श्टाइन यांना सुमारे १५ महिने लागले. १९१३ चे स्फटिकाचे हिवाळी अंडे आल्मा पील या तरुणीच्या कल्पनेतले. कार्यशाळेच्या खिडकीवर गोठलेल्या हिमाची नक्षी तिने हिऱ्यांत उतरवली.

१९१८ मध्ये बोल्शेविकांनी पेढी ताब्यात घेतली. कार्ल देश सोडून गेले आणि १९२० मध्ये लोझान येथे वारले. परकीय चलनासाठी सोव्हिएत सरकारने अनेक अंडी विकली. क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात आज राजघराण्याच्या ५० अंड्यांपैकी १० आहेत.