कांद्याच्या सालींची ईस्टर अंडी

पनवेलच्या भाजीबाजारात कांदेवाल्याच्या पोत्याच्या तळाशी साठलेली सुकी सालं मागून बघा, बहुतेक वेळा फुकट मिळतात. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे, तोवर पिशवीभर सहज जमतील.

दोन-तीन मुठी सालं पाण्यात अर्धा तास उकळा. पाणी गार करून गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. त्यात पांढरी अंडी ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा. गावठी अंड्यांवर रंग उठून दिसत नाही, त्यामुळे इथे ब्रॉयलरवाल्याकडची अंडीच बरी! व्हिनेगरमधलं आम्ल कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटला किंचित खरवडतं, म्हणून रंग धरतो. पाण्यात जास्त वेळ राहिली तर विटकरी-तांबडी होतात. ग्रीसमध्ये ईस्टरला लाल अंडीच लागतात, तिथेही ही सालं वापरतात.

खरी मजा नक्षीत आहे. कोथिंबिरीचं ओलं पान अंड्यावर सपाट चिकटवा, जुन्या मलमलीच्या तुकड्यात आवळून दोऱ्याने घट्ट बांधा आणि मग उकळा. कापड सोडलं की तांबूस कवचावर पानाचा पांढरा ठसा, अगदी देठाच्या रेघेसकट. बांधणी सैल राहिली तर ठसा फिसकटतो. पिवळी हवी असतील तर सालींऐवजी हळद. बाजारू रंगांच्या पुड्या मी तरी घेत नाही.

खायची असतील तर लगेच फ्रिजमध्ये टाका. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. शेवटी तेलाचं बोट फिरवलं की मस्त चकाकतात.