पत्र्यावर सर वाजते तेव्हा

15 जून 2025, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी शाळा उघडल्या. त्याआधीच्या वर्षी 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं होतं. 19 जुलै 2023च्या रात्री घाटाखाली खालापुरात इर्शाळवाडीवर दरड आली. आपल्या भागात शाळेचं वर्ष आणि दुर्घटनांचा हंगाम हातात हात घालून येतात. तरी आपत्ती म्हटली की आपण सुटका आणि भरपाई एवढंच बोलतो. वर्गात येऊन बसलेल्या मुलाचं काय?

धोका टळला तरी लहान मुलाच्या शरीराला ते लगेच कळत नाही. मेंदूचा धोका ओळखणारा भाग जागा राहतो आणि विचार करणारा भाग मागे पडतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला ‘मला भीती वाटते’ हे अनेकदा सांगता येत नाही. त्याचं पोट दुखतं, डबा तसाच परत जातो, ते बोलेनासं होतं किंवा शेजारच्याला मारतं. पत्र्यावर जोराची सर वाजली की पहिलीतलं मूल बाकाखाली शिरतं. ‘नाटकं नकोत, वर ये’ म्हटलं की ते आणखी आत सरकतं. अशा घाबरलेल्या मुलांना सांभाळण्याचं प्रशिक्षण मिळालेल्या बाई त्याला ओढत नाहीत. त्याच्या उंचीला खाली बसतात, आवाज उतरवतात. ‘पाऊस आलाय. मी इथंच आहे. पाय जमिनीला टेकव बघू.’ पाढे नंतर. काय घडलं ते खोदून विचारायचं नाही, त्यानं आपणहून सांगितलं तर मध्येच तोडायचं नाही. रोजचा क्रम शक्यतो बदलायचा नाही, बदलणार असेल तर आधी सांगायचं. शिकायचं ते एवढंच, पण सवयीचं व्हायला सराव लागतो.

घरातली दारू आणि मारहाणही असाच आघात करतात. शाळेनं त्यात भर घालू नये; शारीरिक शिक्षेला तिथं 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर तपास आपण करायचा नाही, पोलिसांना कळवायचं. 2012च्या पॉक्सो कायद्यानं ते बंधनकारक आहे.

1993च्या किल्लारी भूकंपानंतर सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलं पुण्यात शिकायला आली. अशा मुलांसोबत दिवसरात्र डॉक्टर नसतो. असतात शिक्षक आणि वसतिगृहातली माणसं. म्हणून खिचडी वाढणाऱ्या मावशी, शिपाई, व्हॅनचे काका, आश्रमशाळेचे अधीक्षक यांना वगळून दिलेलं प्रशिक्षण मला अर्धवट वाटतं. मूल पुष्कळदा मन मोकळं करतं ते त्यांच्याचपाशी.

केंद्रप्रमुखांना विनंती आहे: पावसाळ्याआधीच्या शिक्षण परिषदेत या विषयाला दोन तास द्या आणि त्या दिवशी मावशींना आणि काकांनाही खुर्ची द्या. मुलांच्या मदतीसाठी चाईल्ड हेल्पलाईन 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 हे दोन क्रमांक मोफत आहेत. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरही लावा.